निरीक्षणगृहासाठी समुपदेशक तयार करण्याची सोपी रीत

गोव्यात निरीक्षणगृहासाठी, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली अठराखालची मुले चौकशी होईपर्यंत ठेवतात त्या घरासाठी, नवे समुपदेशक नेमले गेले आणि त्यांना तयार करायचे काम तुमच्या गळ्यात पडले, तर घाबरू नका. निम्मे काम जाहिरातीनेच उरकले आहे: पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोकणी आवश्यक, मराठी येत असल्यास उत्तम. समोर बसलेला मुलगा वास्कोचा आणि घरात कन्नड बोलणारा निघाला, तर तो त्याचा प्रश्न.

वर्ग पणजीत, पाटोवर एखाद्या थंडगार सभागृहात घ्या. राज्याचे ‘अपना घर’ हे निरीक्षणगृह मेरशीला आहे, म्हणजे फार लांब नाही. पण नव्या माणसांना तिकडे इतक्यात नेऊ नका. बाहेरून कडी लागलेली खोली पाहिली की माणसे प्रश्न विचारायला लागतात. त्यापेक्षा समई पेटवा, पुष्पगुच्छ द्या आणि मान्यवरांना दोन शब्द बोलू द्या. ते दोन शब्द जेवणापर्यंत सहज पुरतात.

जेवणानंतर, सगळे पेंगत असताना, बाल न्याय कायदा, २०१५ घ्या. कलम ३ मोठ्याने वाचा: अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मनात गुन्हेगारी हेतू नव्हता असेच गृहीत धरायचे. वाचून झाले की चहाच्या वेळी कोण पोरगा कशात आत आला ते खुशाल सांगा. कलम ७४ही सोडू नका: मुलाची ओळख प्रसिद्ध केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढे बालदिनाला मुलांसोबत फोटो काढायचाच आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की वाड्यावरचे सोडून कोणी ओळखत नाही.

प्रात्यक्षिकासाठी मुलाची भूमिका एखाद्या हौशी उमेदवाराला द्या. तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, काम केलेला असला तर दुधात साखर. तो पाचव्या मिनिटाला रडेल, सातव्या मिनिटाला ‘मॅडम, चुकलो’ म्हणेल आणि टाळ्या पडतील. खरा मुलगा पहिल्या भेटीत पंख्याकडे बघत बसतो. दुसऱ्या भेटीत विचारतो, ‘मला घरी कधी सोडणार?’ त्याचे उत्तर समुपदेशकाच्या हातात नसते आणि तसे त्याला सरळ सांगायला जिगर लागते. गप्प मुलासमोर गप्प बसायचे, पण उठून जायचे नाही, हे शिकवायला वेळ लागतो. म्हणून वेळापत्रकात त्याला जागाच ठेवू नका. ती पंधरा मिनिटे ‘तणावमुक्तीसाठी टाळ्यांचा व्यायाम’ याला द्या.

गुप्ततेबद्दल मात्र काळजीपूर्वक शिकवा. मुलाला सांगायचे, ‘तू बोललास ते ह्या खोलीबाहेर जाणार नाही.’ मग ते सगळे अहवालात लिहायचे. जुनी, अनुभवी माणसे उलटे करतात: पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतात की तू स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असशील, किंवा तुझ्यावर कोणी लैंगिक अत्याचार केला असेल, तर मला ते वर कळवावेच लागेल, बाकीच्यातले तुझे प्रकरण बघणाऱ्या बाल न्याय मंडळाला काय लिहिणार ते आधी तुला सांगेन. अशाने मुलगा विश्वास ठेवायला लागतो. आणि विश्वास बसला की फार बोलतो, त्यात तुमचे रजिस्टर मागे पडते.

सोळा ते अठरा वयातला मुलगा अतिगंभीर (‘हीनस’) गुन्ह्याच्या कलमाखाली आला, तर कलम १५ प्रमाणे प्राथमिक मूल्यांकन होते: कृत्य करण्याची, त्याचे परिणाम समजण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता त्याच्याकडे होती का, हे बाल न्याय मंडळ तपासते. त्यावरून मुलाला प्रौढासारखे न्यायालयापुढे उभे करण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणूनच मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. तुम्ही इतके खोलात शिरू नका. परवा रुजू झालेल्या मुलीकडून ‘मुलगा हुशार वाटतो, सगळे समजते’ असे दोन ओळींत लिहून घ्या. पहिली नोकरी आहे, नाही म्हणणार नाही.

वर्ग संपला म्हणजे शिकणे संपले, हे आवर्जून सांगा. दर आठवड्याला एखाद्या मुरलेल्या समुपदेशकाने नव्यांचे ऐकून घेणे, कुठे चुकले, रात्री कोणाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही, हे विचारणे, असले लाड नकोत. त्या वेळात हजेरीपट, खाऊची बिले आणि गेटवरचे रजिस्टर त्यांच्याकडे द्या. मुलाची आई दोन बस बदलून भेटायला आली, तर ‘मॅडम मीटिंगला गेल्यात’ म्हणून शिपायाने सांगावे. मॅडम बिले जुळवत असल्या तरी मीटिंगच ती.

करार अकरा महिन्यांचा ठेवा. कामाचा हात बसेपर्यंत उमेदवार शाळेत किंवा बँकेत लागतो, जागा रिकामी होते, पुन्हा जाहिरात, पुन्हा समई. नव्या मॅडम येतील तेव्हा मुलगा सगळे पहिल्यापासून सांगेल. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत त्याला ते इतके पाठ झालेले असेल की प्रात्यक्षिकासाठी तियात्रवाला शोधायची गरज उरणार नाही.