बॉयकॉट, इस्त्री आणि वाढीव दोन रुपये

इस्त्रीवाल्या काकांनी कपड्यामागे दोन रुपये वाढवले आणि सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमननी फर्मान काढलं, "उद्यापासून बॉयकॉट!!" खाली नुसते अंगठे. मी लगेच लिहिलं की अहो, हे क्रियापद मुळात एका माणसाचं आडनाव आहे. एकानेही अंगठा दिला नाही.

माणूस म्हणजे कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. 1880 साली कुळं म्हणाली खंडात 25 टक्के सूट द्या, जमीनदार 10 च्या वर जाईना, आणि हे साहेब निघाले कुळांना हुसकावायच्या नोटिसा घेऊन. मग काय, गावाने टाकलं वाळीत! गडी-मोलकरणी गेल्या, दुकानदार सामान देईना, टपालसुद्धा बंद. तिथल्या फादर ओमॅलींना वाटलं 'ऑस्ट्रसाइज' (वाळीत टाकण्याचा इंग्रजी शब्द) काही शेतकऱ्यांच्या जिभेवर बसायचा नाही, त्यापेक्षा साहेबाचं नावच वापरा ना. त्याच नोव्हेंबरात ते लंडनच्या पेपरात छापूनही आलं. (क्रिकेटवाला जेफ्री बॉयकॉट वेगळा. त्याने 1967 ला लीड्सला आपल्याविरुद्ध नाबाद 246 केले आणि फार हळू खेळला म्हणून पुढच्या टेस्टला त्यालाच बसवलं, म्हणजे बॉयकॉटलाच बॉयकॉट!)

पण खरी गंमत पुढे आहे. साहेबाचं पीक काढायला बाहेरून 50 माणसं आणली, त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई, आणि साधारण 500 पौंडांच्या पिकासाठी खर्च झाला 10,000 पौंड.

आमच्याकडे शिपाई नव्हते एवढाच फरक. दोन रुपये वाचवायला नवीन स्टीम इस्त्री आली, टेबल आलं, रविवार गेला. कॉलर सरळ करावी तर बाही चुरगळते, बाही सरळ करावी तर खिशाचं फ्लॅप कुत्र्याच्या कानासारखं उभं राहतं, आणि पँटच्या एकेका पायावर दोन-दोन क्रीज. बायको म्हणाली, "राहू दे, फुल हँड स्वेटर घालून जा." मे महिन्यात!

सोमवारी लिफ्टमध्ये चेअरमन भेटले. शर्ट एकदम कडक.

"घरीच केली हो," न विचारताच म्हणाले.

मागून बघतो तर शर्टाच्या टोकाला फ्लॅट नंबरची चिठ्ठी तशीच स्टेपल केलेली. मी ती काढून हातात दिली.

"मागच्या गेटने पाठवा, संध्याकाळी सातनंतर," ते हळूच म्हणाले, "पण ग्रुपवर नका हं टाकू. आणि अर्जंट असेल तर तो आता पाच रुपये जास्त घेतो."