दूधसागरला ट्रॅकवरून चालत जाता येतं? नाही हो, प्लीज नका जाऊ

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या दूधसागर धबधब्याबद्दल तोच मेसेज परत फिरायला लागतो, "कुळे स्टेशनला उतरा, रेल्वे ट्रॅक धरून सरळ चालत सुटा, दूधसागर येतो, कोणी अडवत नाही". हे चूक आहे. रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे रुळांवर असं फिरणं गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि 2023 च्या जुलैमध्ये रेल्वेने हे जाहीरपणे सांगितलंय सुद्धा.

पण दंड सोडा, मला खरी भीती वेगळीच वाटते. तो रेल्वेचा घाट 1:37 चढाचा आहे, म्हणजे दर 37 मीटरला 1 मीटर चढ, बोगदे, वळणं, त्यात धुकं. मी ट्रेनमधून पाहिलंय, धबधब्यासमोरच्या पुलावर तुषार थेट खिडकीतून आत येतात आणि आवाज एवढा की शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही, मग तिथे रुळावर उभ्या माणसाला मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न कसा ऐकू येणार? बोगद्यात तर बाजूला व्हायला पण जागा कमी.

दुसरं म्हणजे "जीप वर्षभर मिळते" हे पण खरं नाही. कुळेहून अभयारण्यातून जीप जाते पण वाटेत ओढे ओलांडावे लागतात म्हणून पावसाळ्यात ती बंद असते, साधारण ऑक्टोबरपासून सुरू होते. पाणी तेव्हाही भरपूर असतं, 310 मीटरवरून पडतं ते. भर पावसातलं रूप बघायचंच असेल तर त्या मार्गाच्या गाडीचं तिकीट काढा, खिडकीत बसा, आणि गाडी तिथे थांबली तरी खाली उतरू नका.