मामा, जरा फ्रेमच्या बाहेर

घरात लग्न ठरलंय? अभिनंदन. आता सगळ्यात आधी काय कराल? कार्यालय बघाल? छे. गुरुजींना विचाराल? अजिबात नको. आधी फोटोग्राफरला फोन लावा, त्याची तारीख घ्या, आणि मग पंचांग उघडा. त्या तारखेला मुहूर्त नसला तर पंचांग बदला, फोटोग्राफर बदलू नका. अनुभवाने सांगतोय. गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न झालं, मी सख्खा मामा, आणि परवा, म्हणजे तब्बल सात महिन्यांनी, फोटोंची लिंक आली. रात्री दीडपर्यंत बघत बसलो. आज चहा घेऊन हे लिहायला बसलोय. रागात नाही हां. लोकांचं भलं व्हावं म्हणून.

तर पहिला सल्ला. फोटोग्राफर कधीही टीझर बघून ठरवा. दीड मिनिटाचा टीझर, त्यात नवरी वळते, केस उडतात, नवरदेव मनगटावरचं घड्याळ लावतो (सगळ्या टीझरमध्ये नवरदेव घड्याळच का लावतो ते मला अजून कळलेलं नाही), मागे आलाप, झालं, ॲडव्हान्स द्या. 'एकाच लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे फोटो दाखवा' असलं काही अडाण्यासारखं विचारू नका. पन्नास लग्नांतले निवडक वीस फोटो दाखवणं वेगळं आणि एका लग्नाचे सगळे दाखवणं वेगळं, हे त्याला बरोबर माहिती असतं, आपण कशाला मधे पडा. आणि ऑफिसात आयपॅडवर काम दाखवणारा तो दाढीवाला लग्नाला स्वतः येणार का, हे तर चुकूनही विचारू नका. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त मोजके आणि लग्नं ढीगभर, एकाच दिवशी त्याची तीन-तीन असतात. आमच्याकडे दाढीवाला आलाच नाही. त्याची पोरं आली, त्यातल्या एकाने सकाळी हॉलच्या दारात मलाच विचारलं, 'काका, नवरी कुठली?'

दुसरा सल्ला पॅकेजचा. वाचू नका, नुसतं ऐका. 'सर, दोन ट्रॅडिशनल, एक कँडिड, एक सिनेमॅटिक, ड्रोन, एलईडी वॉल आणि चाळीस पानांचा प्रीमियम अल्बम.' ट्रॅडिशनल म्हणजे तुम्ही रांगेत सरळ उभे राहायचं आणि तो फोटो काढणार. कँडिड म्हणजे तुम्ही वाकडे उभे राहायचं, 'माझ्याकडे नका बघू, तिकडे बघून हसा' असं तो म्हणणार आणि मग फोटो काढणार, पैसे दुप्पट. चाळीस पानं म्हणजे वीस शीट, हे दाजींना मार्चमध्ये कळलं. वरच्या प्रत्येक शीटचे वेगळे पैसे. हार्ड डिस्क तुमची. पोरांचं जाणं-येणं, जेवणखाण तुमचं. पक्कं बिल पाहिजे असेल तर वर अठरा टक्के जीएसटी, नको असेल तर 'ॲडजस्ट करू सर'.

प्री-वेडिंगला वाईला मेणवलीच्या घाटावर जा. सगळे तिथेच जातात.

ड्रोन घ्याच. ड्रोनशिवाय लग्न म्हणजे मिठाशिवाय पिठलं. आमचं कार्यालय सातारा रोडवर, चारी बाजूंनी बिल्डिंगा, तिथे ड्रोन वर गेला आणि त्याने काय टिपलं? कार्यालयाचं पत्र्याचं छप्पर, त्यावर पाण्याच्या दोन काळ्या टाक्या, आणि शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चटया वाळत घालणाऱ्या एक आजी. टीझरमध्ये आहेत त्या आजी. मी त्यात नाहीये, पण तो विषय पुढे येईलच. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला प्रमाणपत्रवाला पायलट लागतो, पण हे त्या पोराला विचारून शुभकार्यात विघ्न आणू नका.

एलईडी वॉलला नाही म्हणू नका. वरवर बघता तुम्हाला वाटेल की समोर लग्न चाललंय तर भिंतीवर कशाला बघायचं. पण कॅमेरेवाले स्टेजवर चढले की समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे त्यांनी झाकलेलं लग्न त्यांच्याच भिंतीवर बघायचं, आणि झाकण्याचे आणि दाखवण्याचे असे दोन्हीचे पैसे त्यांनाच द्यायचे. धंदा असावा तर असा.

आता तिसरा की चौथा सल्ला, किंवा जो असेल तो. मामाला घरी ठेवा.

हसू नका, सांगतो. आपल्याकडे गुरुजी माईकवरून पुकारतात, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.' सगळ्या लग्नात मामाला तेवढं एकच काम असतं. आहेर, मानपान, रुसवेफुगवे सगळं बाकीच्यांचं, मामाचं हे एवढंच, खोलीतून मुलीला आणायचं, अंतरपाटाशी उभं करायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत मागे उभं राहायचं. मी सकाळी सातला फेटेवाल्याकडून फेटा बांधून घेतलेला, लाल, तुरा जरा जास्तच उंच झाला होता, ठीक आहे. गुरुजींनी पुकारलं, मी उठलो, नवरीच्या खोलीच्या दारात गेलो, तर गिम्बल (कॅमेरा हलू नये म्हणून धरायचा दांडा) घेतलेल्या पोराने हात आडवा घातला. 'मामा, तुम्ही नको. ब्राईडची सोलो एंट्री आहे.' मी म्हणलं, अरे गुरुजी मला बोलवतायत. तर म्हणे, 'हो पण फेटा लाल आहे ना मामा, आपली थीम पेस्टल आहे.' भाची आतून म्हणाली, येऊ दे की मामाला. तर तिला म्हणतो, 'ताई, मग क्लीन शॉट नाही मिळणार, नंतर मला बोलू नका.'

आणि मी बाजूला झालो! पन्नाशी उलटलेला माणूस, बँकेत तीस वर्षं काढलेली, कर्ज बुडवणाऱ्यांच्या दारात जाऊन वसुली केलेली, तो मी एका बावीस वर्षाच्या पोराने 'मामा, जरा फ्रेमच्या बाहेर' म्हटल्यावर मुकाट्याने फ्रेमच्या बाहेर झालो, कारण भर लग्नात तमाशा नको.

मुहूर्त बारा चौतीसचा. पहिल्या एंट्रीला धुराचं मशीन चालेना. दुसऱ्या एंट्रीला कुणाचं तरी पोर वेफर्स खात मधे आलं. तिसऱ्या एंट्रीला सगळं जमलं, तोपर्यंत गुरुजी घड्याळ बघून बघून थकले होते. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, आणि मी स्टेजच्या खालून, हो खालून, मोजले, एकूण सात कॅमेरेवाले. सातही जण आमच्याकडे पाठ करून उभे. काळे टीशर्ट, पाठीवर स्टुडिओचं नाव आणि खाली मोबाईल नंबर. सहाशे माणसांनी 'शुभमंगल सावधान'ला त्या मोबाईल नंबरवर अक्षता टाकल्या. लग्न लागलं बारा एक्कावन्नला. तीन महिने आधी दोन्हीकडच्या गुरुजींनी पत्रिका मांडून काढलेला मुहूर्त एका धुराच्या मशीनने सतरा मिनिटं पुढे सरकवला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. हेच जर ताशेवाला पाच मिनिटं उशिरा आला असता तर त्याचे पैसे कापले असते की नाही, सांगा.

बरं, हार घातले. तर लगेच, 'सर मॅम, हार काढून परत एकदा, स्लो मोशनला घेतो.' गुरुजी हळूच म्हणाले, अहो, लग्न लागलं. तर पोरगं काय म्हणावं? 'गुरुजी, तुमचं झालं, आमचं बाकी आहे.'

खरं बोलला तो. पुढे सगळं त्याचंच बाकी होतं. कानपिळी पाच वेळा झाली, जावयाचा कान संध्याकाळपर्यंत लाल. घास भरवताना 'अजून एक, अजून एक' करत भाचीला इतकं श्रीखंड चारलं की ती पुढे जेवलीच नाही. उखाणा तीनदा घ्यायला लावला, तिसऱ्यांदा बिचारी नवऱ्याचं नाव घ्यायचंच विसरली. सप्तपदीत चौथ्या पावलावर थांबवलं कारण पायातलं जोडवं फोकसमध्ये येत नव्हतं. होमाचा धूर मात्र त्याला नको होता, 'गुरुजी, अग्नी जरा कमी करता येईल का?' स्वतःच्या मशीनचा धूर चालतो, होमाचा नाही!

मधेच सांगतो, जुनं सगळं सोनं होतं असं माझं म्हणणं नाही. माझ्या लग्नात, १९९६ साली, छत्तीसचे तीन रोल होते, तिसरा पंगतीतच संपला आणि पाठवणीचा एकही फोटो नाही. व्हिडिओ कॅसेटमध्ये बदामाच्या आकारात आम्ही दोघं गोल फिरतोय. डोक्यावर हॅलोजन धरणारा पोरगा तेव्हाही सगळ्यांचे डोळे दिपवायचाच. पण त्या एकशे आठ फोटोंत एकूण एक नातेवाईक आहे, सरळ उभा, कॅमेऱ्याकडे बघत. आता तीन हजार आठशे फोटो आहेत आणि त्यातले चारशे सँडलचे.

वर्षानुवर्षं ज्या आत्याने एकेक करून भाचीच्या रुखवतासाठी क्रोशाचे रुमाल विणले, तिचा एक फोटो नाही. रुखवताचा आहे, त्यात तिचा हात दिसतो.

करारावर न वाचता सही करा. कलम बारीक अक्षरात असतं, चष्मा कशाला काढताय. त्यात लिहिलेलं असतं की फोटोंवर स्टुडिओचा हक्क आणि ते कुठेही टाकू शकतात. म्हणजे १९५७ च्या कॉपीराईट कायद्याचं सतरावं कलम म्हणतं की पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि उलटा करार केला नाही तर पहिला मालक पैसे देणारा. उलटा करार केला नाही तर! तो उलटा करार दाजींनी स्वतःच्या पार्करच्या पेनाने केला.

आणि पैसे लग्नाच्या दिवशीच सगळे देऊन टाका. दाजींनी नव्वद टक्के दिले होते. त्यानंतर फोन केला की 'सीझन आहे सर'. जानेवारीत सीझन. मार्चमध्ये सीझन. मे तर सीझनच. परवा आषाढी झाली, चातुर्मास लागला, देव झोपले, तरी याचा सीझन चालूच.

आता पाठवणीचं सांगतो आणि थांबतो. माझी बहीण दिवसभर रडली नव्हती. कामात होती. गाडीपाशी आल्यावर मुलीच्या गळ्यात पडली आणि एकदम बांध फुटला तिचा. आणि तेवढ्यात आवाज आला, 'आई, एक मिनिट, मागून लाईट येतोय. तिथून परत चालत याल का?' आणि माझी बहीण पदराने डोळे पुसून, पाच पावलं मागे जाऊन, परत चालत आली. दुसऱ्यांदा रडू येईना तर पोरगं म्हणतं, 'ठीक आहे आई, नुसता हात डोळ्याला लावा.'

गंमत बास झाली. लाज वाटत नाही का आपल्याला? त्या पोराला नाही म्हणत मी, तो दिवसाच्या हजेरीवर आलेला, मालकाने क्लीन शॉट आण म्हणून पाठवलेला, त्याचं काय चुकलं? आपण तिथे आठ-दहा बाप्ये उभे होतो, मी, दाजी, चुलते, आतेभाऊ, सगळे नोकरीत, धंद्यात चार माणसांना कामाला लावणारे, आणि एकाच्याही तोंडून 'ए, बाजूला हो, तिला रडू दे' एवढं निघालं नाही. फोटो खराब होईल म्हणून! लाखभर रुपये मोजून आपण माणूस आणतो आणि त्याच्या हुकमावर उठतो, बसतो, हसतो, आईला परत रडायला लावतो. मुहूर्ताचे पाच मिनिटं स्टेजवरून खाली उतर, खालून काढ, लांबची लेन्स असते तुझ्याकडे, एवढं आधी सांगायला काय जातं? ज्यांचे फोटो हवेतच अशा वीस माणसांची यादी करून घरातलं एक पोरगं त्याच्याबरोबर फिरवायला काय जातं? कोण येणार त्याचं नाव करारात लिहून घ्या. तीस टक्के तरी अल्बम हातात पडेपर्यंत हातात ठेवा. सगळा डेटा आठ दिवसांत स्वतःच्या डिस्कवर घ्या, नंतर डिलीट झाला म्हणतात. आणि फसवलंच तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, जिल्हा ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीसुद्धा लागत नाही. पण जाणार कोण? दाजी म्हणतात, जाऊ दे, शुभकार्य आहे, वाद नको. वाद नको, वाद नको करत आपलंच लग्न आपण एलईडीवर बघितलं.

मी आहे हां दोन फोटोंत. एकात नवरीच्या मागे माझं कोपर आहे, लाल फेट्याचा तुरा वरून कापलेला. दुसऱ्यात पंगतीत बसलोय, तोंडात अख्खी जिलबी, पाक हनुवटीवर. अल्बमसाठी दोनशे फोटो रविवारपर्यंत निवडून द्या नाहीतर आम्हीच निवडू, असा स्टुडिओचा मेसेज आलाय. आत्ताच ताईचा फोन येऊन गेला. जिलबीचा घेतलाय म्हणाली. कँडिड छान आलाय म्हणे.