अटारी ५२०० च्या कंट्रोलरची बाजू घेतेय

सगळ्यात वाईट कंट्रोलर कोणता असा विषय निघाला की अटारी ५२०० या जुन्या गेम कन्सोलचं नाव हमखास येतं, आणि दर वेळी माझा जीव तुटतो. शिव्या द्या ना, पण नेमक्या कशाला देताय ते तरी बघा.

साल १९८२. त्याआधीच्या अटारी २६०० ची जॉयस्टिक म्हणजे आठ दिशा आणि एक बटण, ढकलली की चालू, सोडली की बंद, किती ढकलली याला काही अर्थच नाही. ५२०० मध्ये अॅनालॉग स्टिक आली, थोडी ढकलली तर थोडं, पूर्ण ढकलली तर जास्त. वर स्टार्ट, पॉज, रीसेट ही बटणं कंट्रोलरवरच, म्हणजे कोणी हाक मारली तर कन्सोलपर्यंत उठून जायला नको, बसल्या जागी पॉज. निन्टेंडो ६४ या कन्सोलची अशीच अॅनालॉग स्टिक १९९६ ची, तब्बल चौदा वर्षांनंतरची!

मग माती कुठे खाल्ली? स्टिक सोडली की ती मधोमध परत यायचीच नाही. आत स्प्रिंग नाही, नुसतं रबरी आवरण, त्यामुळे पॅक-मॅनसारख्या झटकन वळायच्या गेममध्ये बोटानं ढकलायचं पण आणि बोटानंच परत पण आणायचं. बटणांखालच्या सर्किटवरचे कार्बनचे कॉन्टॅक्ट लवकर खराब व्हायचे, की बटणं मेली. आजही जुन्या कन्सोलवाले हौशी लोक त्यात सोन्याचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट बसवतात आणि तोच कंट्रोलर मस्त चालतो. म्हणजे खोट स्प्रिंग नसण्यात आणि कॉन्टॅक्टमध्ये होती. स्टिक अॅनालॉग असावी या विचारात काय खोट होती, सांगा मला कोणीतरी.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण म्हणजे माझा भाचा. गेल्या महिन्यात कंट्रोलर घेऊन आला, गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालत सुटायचा. म्हणाला, "मावशी, ही स्टिक प्रकारच फालतू आहे, नुसती बटणंच बरी." मी त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्यासमोरच उघडला. स्टिकच्या दोन बाजूंना दोन छोट्या डब्या असतात, त्यातली एक उचकटून त्याला भिंगातून आतली काळी कार्बनची पट्टी दाखवली, नालेच्या आकाराची, आणि तिच्यावर धातूची पत्ती रोज घासून घासून पडलेली चकचकीत रेघ. ती रेघ पडली की स्टिक मधोमध उभी असली तरी कंट्रोलरला वाटतं कोणीतरी ढकलतंय. झिजली होती ती पट्टी! आणि यावरचा उपायही नवा नाही, लोहचुंबक आणि सेन्सर, कशावर काही घासतच नाही, याला हॉल इफेक्ट म्हणतात, सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या स्टिकमध्ये १९९८ सालीच होता.

कॉम्प्युटरवरच्या गेमसाठीच्या स्टीम कंट्रोलरचं पण तेच झालं. २०१५ ला आला, उजव्या स्टिकच्या जागी ट्रॅकपॅड, माऊसनं खेळायचे गेम सोफ्यावर बसून खेळता यावेत म्हणून. पण उजवी स्टिक काढूनच टाकलेली, आणि प्रत्येक गेमसाठी सेटिंग लावत बसा. २०१९ मध्ये बंद, शेवटचा माल पाच डॉलरला काढला, आणि सगळे म्हणाले ट्रॅकपॅडचा प्रयोग फसला. २०२२ ला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा कन्सोल आला, त्यात तेच दोन ट्रॅकपॅड, फक्त दोन्ही स्टिक जागेवर ठेवून. मी स्ट्रॅटेजी गेम आता त्यावरच खेळते.

याचा अर्थ मी प्रत्येक आयडियाची वकिली करते असं नाही हं. निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरला तीन मुठी होत्या, हात मात्र दोनच. मधली आणि उजवी धरली की डावीकडचं डी-पॅड, म्हणजे दिशांचं अधिक चिन्हासारखं बटण, आणि एल बटण हाताबाहेर. तो तुम्ही कितीही मजबूत बनवा, कितीही भारी प्लास्टिक वापरा, तिसरी मूठ रिकामीच राहणार. ही आयडियाच चुकली, आणि ते मी तितक्याच ठामपणे म्हणेन. पण त्याच कंट्रोलरची स्टिक घ्या, आयडिया एकदम बरोबर आणि बनावट कच्ची, प्लास्टिकवर प्लास्टिक घासून आत पांढरी भुकटी साठायची आणि काही दिवसांनी स्टिक लुळी पडायची. एकाच कंट्रोलरमध्ये दोन्ही गोष्टी आहेत, आणि आपण सरसकट त्याला दहापैकी चार देऊन मोकळे होतो.

भाच्याच्या कंट्रोलरमध्ये हॉल इफेक्टवाली स्टिक बसवली, जुनीचे सगळे पाय डिसोल्डर करण्यातच अख्खी दुपार गेली. परवा त्याच्याकडे गेले होते तेव्हा तो खेळत होता, स्टिक जेमतेम अर्धी ढकलून गेममधल्या पहारेकऱ्याच्या मागून अगदी चोरपावलांनी चालला होता, आणि मला हातानंच खूण केली, बोलू नकोस.