खुलासा : लिंबू-सोड्याने दात घासण्याचा मेसेज

सांगलीतल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'टूथपेस्टवर पैसे घालवू नका. खायचा सोडा आणि लिंबाचा रस एकत्र करून रोज घासा, दात पांढरेशुभ्र होतील, खर्च नगण्य.'

पैसे वाचवायची इच्छा रास्तच आहे, पण हा उपाय करू नका. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) दोन-अडीचच्या आसपास असतो आणि दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. शहाबादी फरशीवर लिंबू सांडून राहिलं की तिथली चकाकी जाते ना, तसंच. सोड्याने आम्लता कमी होते हे खरं, पण घरी प्रमाण कोण मोजतं? लिंबू जरा जास्त झालं की मऊ पडलेल्या कवचावरच ब्रश फिरतो. इनॅमल पुन्हा वाढत नाही. ते झिजलं की आतला पिवळसर थर दिसतो, म्हणजे पांढरेपणाही राहत नाही. शिवाय कीड रोखणारं फ्लोराइड या मिश्रणात नसतंच.

खरी बचत पेस्टच्या मापात आहे. जाहिरातीत ब्रशभर पट्टी दाखवतात. मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते, साधारण पाव ग्रॅम. दिवसातून दोनदा घासलं तरी शंभर ग्रॅमची ट्यूब एका माणसाला सहा महिन्यांहून जास्त जाते. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच. साधी, स्वस्त पेस्ट चालते, फक्त घटकांत फ्लोराइड लिहिलेलं बघा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.