घोटा, चवडा आणि साडेनऊची बस
रंकाळ्याजवळच्या आमच्या थांब्यावर साडेनऊची बस साडेनऊलाच येते, हीच तिची खोड. त्या वेळी मी गल्लीच्या तोंडाशी असतो. मधे फार तर साठ पावलांचं अंतर. ते कापायला वेग लागतो. माझ्याकडं आहे तो नुसता आवेग. हात जोरात, हातातला डबा त्याहून जोरात, पायातली कोल्हापुरी करकरतेय. आवाजावरून वाटावं, पन्हाळ्याहून फौज निघालीय. फौज पोचते तेव्हा रस्त्यावर धूर तेवढा उरलेला असतो.

माझा भाचा विद्यापीठाच्या मैदानावर शंभर मीटर पळतो. चार दिवस आमच्याकडं राहायला आला होता. त्यानं गॅलरीतून माझी एक धाव बघितली आणि संध्याकाळी चहाला निकाल दिला, "मामा, तुम्ही पळत न्हाई. रस्त्यावर शिक्के मारताय."

दोष घोट्याचा निघाला. मला हे नवीनच होतं. आमच्या कोल्हापुरात ताकद बघायची तर लोक मांडी बघतात, मान बघतात, कान किती चुरगळलेत ते बघतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात आजवर कुणी "काय घोटा हाय!" म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

भाच्यानं समजावलं. उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनला शंभर मीटर ९.५८ सेकंदांत संपवले, ते साधारण ४१ पावलांत. ऐन वेगात असं एकेक पाऊल जमिनीला टेकतं ते सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही, आणि तेवढ्यात जमिनीला अंगाच्या वजनाच्या चार-पाच पट रेटा द्यायचा असतो. मांडी कितीही दांडगी असू दे, तिचा रेटा जमिनीपर्यंत जाणार घोट्यातूनच. घोटा ताठ असला तर टाचेमागची ती जाड शीर, अकिलीस टेंडन, रबरासारखी ताणली जाते आणि ताण सुटताना माणसाला पुढं फेकते. घोटा ढिला असला तर टाच खाली बसते, पाऊल रेंगाळतं आणि मांडीची सगळी मेहनत पाण्यात.

"तुमचा घोटा उकडलेल्या बटाट्यागत हाय," भाचा म्हणाला. मामाला असं बोलायची पद्धत आमच्या वेळी नव्हती. पण आमच्या वेळी घोट्याला तरी कोण विचारत होतं?

मग अंगठा. एका पावलात २६ हाडं असतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यातली निम्मी तरी माझ्याकडं बसून पगार खात असणार. जमीन सोडताना टाच उचलली जाते, बोटं मागं वाकतात आणि तळव्याखालचा जाड पट्टा ताणून बसतो. खाटेची नवार आवळली की खाट कशी टणक होते, तसा सबंध पाय टणक होतो. या नवारीचा खिळा म्हणजे अंगठा. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्येच वेगवान धावपटूंची पावलं मोजली, तर त्यांची बोटं इतरांपेक्षा लांब निघाली. लांब बोट म्हणजे सुटताना जमीन क्षणभर जास्त हाताशी. खरं तर पायाशी. हे ऐकून मी पट्टी घेऊन बसलो. आकडा सांगत नाही. घराण्याचा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू. गुडघे न वाकवता नुसत्या घोट्यावर दोरीच्या उड्या. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच खाली, टाच वर. दोनच दिवसांत पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरताना मी मागं तोंड करून उतरायला लागलो. स्वयंपाकघरात चवड्यावर उभा असताना बायको म्हणाली, "अहो, वर गेलाच आहात तर तेवढा पिठाचा डबा काढा." तेव्हापासून आमच्या घरात वरच्या फळीवरचं काहीही माझ्या व्यायामाच्या वेळीच लागतं.

एवढं होऊनही साडेनऊला मी होतो तिथंच. भाच्यानं शेवटचा डाव सांगितला, "पाय हवेत असताना अंगठा नडगीकडं ओढून धरायचा. मग पाऊल खाली पडताना घोटा आधीच ताठ असतोय."

सोमवारी ओढला. आणि काय सांगू, पहिली दहा पावलं मी खरोखर पळालो! टाच टेकत नव्हती, चवडा टपाटप उठत होता, पानपट्टीवाला मान वळवून बघत होता. बस हलली, मी आणखी जोर केला, अंगठा आणखी वर ओढला. भाचा काट्यांच्या बुटात पळतो, माझी सबंध चप्पल त्या अंगठ्यावर लोंबकळत होती, हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. कच्चकन आवाज झाला.

"आई गं! अंगठा तुटला!" मी बोंब ठोकली.

करकचून ब्रेक लागला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कंडक्टर उडी टाकून पळत आला, "कुठं पडलाय? बर्फ आणा कुणीतरी!"

मी चप्पल वर धरली.

त्यानं चपलेकडं बघितलं, माझ्या अनवाणी पायाकडं बघितलं, पाचही बोटं सावकाश मोजली.

"चढा," तो म्हणाला.