डॉबीसाठी रडणाऱ्या पोरीला हसू नका

आज दुपारी लातूरला ताईकडं गेलो होतो. भाचीनं काल रात्री जागून हॅरी पॉटरचा सातवा भाग संपवला. डोळे सुजलेले, जेवायला बसली तरी घास घशाखाली उतरेना. घरी एक पाहुणे आले होते. नाव घेत नाही, नात्यातलेच आहेत, वयानं मोठे आहेत. त्यांनी विचारलं काय झालं, ताई म्हणाली पुस्तक वाचून रडायलीय. तर ते हसले. पोटभर हसले. "मेलं कोण? ते लांब कानाचं बाहुलं? त्याच्यासाठी रडायलीस? नीटला प्रश्न येणारे का त्याच्यावर?" पोर ताटावरून उठून गेली.

ताईच्या घरात पाहुण्यासमोर आवाज चढवायचा नव्हता, म्हणून तिथं गप्प बसलो. पण घरी आल्यापासून डोकं शांत होईना, म्हणून लिहायलोय.

त्या बाहुल्याचं नाव डॉबी. तो गुलाम होता. मालकाच्या हातून अंगावरचा कपडा मिळाला तरच सुटका, असा त्या जगातला नियम. दुसऱ्या भागात हॅरीनं एका मोज्याची युक्ती करून त्याला सोडवलं. आणि सातव्या भागात हॅरी आणि त्याचे मित्र त्याच जुन्या मालकाच्या वाड्यात कैद असतात तेव्हा त्यांना काढायला डॉबी परत तिथंच जातो. ज्या घरात मार खाल्ला त्या घरात, स्वतःच्या पायानं. सगळ्यांना बाहेर काढतो आणि निघता निघता छातीत सुरी लागून समुद्रकिनाऱ्यावर हॅरीच्या हातात जीव सोडतो. पाहुण्यांना यात हसण्यासारखं काय दिसलं ते मला खरंच कळलेलं नाही.

पुढं हॅरी काय करतो? जादूची कांडी फिरवली की खड्डा तयार होईल. तो कांडी घेत नाही. जादूनं नाही, रीतसर खोदायचं म्हणतो आणि कुदळ-फावडं मागतो.

इथं मला आमच्या आज्जीची माती आठवते. प्रत्येक वेळी आठवते.

औसा तालुक्यातलं आमचं गाव. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, तेही बसवून. आज्जी गेली तेव्हा वैशाख होता. काळं रान, हात जाईल एवढ्या भेगा, आणि कंबरभर खाली गेलं की मुरूम. शेतात आज्जाच्या शेजारची जागा ठरली होती. कुणीतरी सोय म्हणून जेसीबी बोलावला. त्यात वाईट हेतू नव्हता, ऊन चढत होतं, लांबची माणसं खोळंबली होती. पण थोरले चुलते, आमचे तात्या, बांधावर आडवे उभे राहिले. "माज्या मायला मशिनीनं खड्डा काढायचा नाही." जेसीबी माघारी गेला. तात्यांनी टिकाव घेतला, मी घमेलं घेतलं. धाकट्या काकांचं आणि तात्यांचं बांधावरून बोलणं बंद होतं, कोर्टात तारखा चालू होत्या. काका आले, धोतर खोचलं, फावडं उचललं. एक शब्द नाही.

त्याच पावसाळ्यात मी सातवा भाग हातात घेतला. हॅरी खोदत असतो, आणि थोड्या वेळानं त्याचे दोस्त रॉन आणि डीन आपापली फावडी घेऊन खड्ड्यात उतरतात. मग रॉन आपले बूट-मोजे काढून डॉबीच्या पायात घालतो. मला पुढचं वाचवेना. पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हे लिहिणाऱ्या इंग्लंडातल्या रोलिंगबाईला आमचं रान कसं दिसलं, असं वाटलं होतं तेव्हा.

आणि खरी गोम पुढं आहे, जी सिनेमावाल्यांच्या लक्षात येतच नाही. त्या वेळी हॅरीला मोह पडलेला असतो. मृत्यूच्या तीन वस्तू: अजिंक्य कांडी, मेलेल्यांना परत आणणारा खडा, अदृश्य करणारं पांघरूण. हॅरीच्या आईबापाला मारणारा दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट कांडीच्या मागं धावत असतो, आणि त्याच्या आधी आपण ती गाठावी म्हणून हॅरी आतून पेटलेला असतो. खोदता खोदता त्याचं ठरतं. कांडीमागं धावायचं नाही. हातात घेतलेलं काम, व्होल्डेमॉर्टनं आपल्या आत्म्याचे तुकडे जिथं जिथं लपवलेत ते शोधून संपवायचं काम, तेच पुढं न्यायचं. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी व्होल्डेमॉर्ट काय करतो बघा. हॅरीच्या शाळेचे हेडमास्तर डम्बलडोर, त्यांची पांढरी समाधी फोडून मेलेल्या माणसाच्या हातातली कांडी काढून घेतो. एकजण मयतासाठी स्वतःच्या हातानं खड्डा खोदतो, दुसरा मयताची समाधी उकरतो. एकाच प्रकरणात! सात भागांतला अख्खा फरक बाईनं तिथं आणून ठेवलाय, आणि हे लोक म्हणतात जादूटोण्याची पोरकट पुस्तकं.

खड्डा खोदायला वेळ लागतो आणि तो वेळच लागत असतो माणसाला. जेसीबीनं काम चुटकीसरशी झालं असतं आणि तात्या कोरडेच घरी गेले असते. टिकाव मुरमाला लागला तेव्हा ते पहिल्यांदा रडले. माझ्या दोन्ही हातांना फोड आले होते, पण कुणी सोडा म्हटलं तरी सोडलं नसतं.

"सिनेमा बघितला की, पुस्तक कशाला" म्हणणाऱ्यांशी तर मी आता वाद घालणंच सोडलंय. सिनेमात डॉबीला पुरतात, जादूशिवायच पुरतात, तेवढं नीट दाखवलंय. मान्य. पण शेवटी त्यांचा हॅरी ती कांडी मोडून फेकून देतो. पुस्तकातला हॅरी आधी तिच्यानं स्वतःची मोडलेली जुनी कांडी दुरुस्त करतो, आणि मग ती जिथून आली तिथं, समाधीत, परत ठेवायचं ठरवतो. जगातली सगळ्यात ताकदवान वस्तू हातात आली, तर पोरगं म्हणतं मला माझी जुनी बरी. फेकून देण्यात तोरा आहे. परत ठेवण्यात रीत आहे.

खड्याचंही तसंच. मरायला जंगलात निघताना तो खडा वापरतो. मेलेले आई, वडील आणि वडिलांचे दोस्त सिरियस, लुपिन सोबत चालतात. मग खडा हातातून सुटून जंगलात पडतो, आणि सगळं जिंकून झाल्यावरही तो म्हणतो, मी शोधायला जाणार नाही. ज्याला आईबाप आठवतही नाहीत असं ते पोर म्हणतंय हे! आज्जीच्या ओव्या माझ्या चुलत बहिणीनं फोनवर भरून ठेवल्या होत्या. वर्षश्राद्धाला तिनं तात्यांना ऐकवल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकल्या, फोन परत दिला, आणि त्यानंतर कधी मागितला नाही. त्यांनी हॅरी पॉटरचं नावही ऐकलेलं नसणार.

आता उणं काढायचं तर काढता येतं. मधला तंबूतला भाग लांबलाय, ठीक आहे, लांबलाय. पण सतरा-अठरा वर्षांची तीन पोरं, पुढं काय करायचं ते माहीत नाही, एकमेकांवर चिडायलीत, एक सोडून जातो. हे भराभर कसं उरकणार? एकोणीस वर्षांनंतरचं ते शेवटचं प्रकरण मलाही आवडत नाही. लग्नं, पोरं, स्टेशन, सगळं जरा जास्तच जागच्या जागी. लुपिन आणि त्याची बायको टॉन्क्स दोघंही घाईत मारलेत, त्याचा राग अजून आहे. झालं, एवढंच.

आणि नीटचं म्हणाल तर तिचं महत्त्व मला शिकवू नका. ताईनं गावाकडचं घर बंद करून लातुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात त्या कशासाठी? पोरगी पहाटे उठते, क्लासला जाते, परत येते, पुन्हा क्लासला जाते. उद्या डॉक्टर होईल, तिच्या हातात माणसं जातील. लांब कानाच्या बाहुल्यासाठी जिला रडू येतं अशी डॉक्टर मला माझ्या उशाशी पाहिजे. पाहुण्यांना कुठली पाहिजे ते त्यांनी ठरवावं.

निघताना मी तिच्या खोलीत गेलो. दार आतून लावलं होतं, उघडलं. तिला सांगितलं, मी पण त्याच पानावर थांबलो होतो. तात्यांचं सांगितलं. आज्जी गेली तेव्हा ती तान्ही होती, तिला काहीच आठवत नाही. तिनं विचारलं, काकांचं आणि तात्यांचं भांडण मग मिटलं का? नाही मिटलं, म्हटलं, तारखा चालूच राहिल्या. ती जरा हिरमुसली. पण खोटं कशाला सांगू.

मग बराच वेळ आम्ही हॅरीच्या शाळेतल्या स्नेप मास्तरवरून भांडलो. तिच्या मते तो हिरो. माझ्या मते त्याच्या आठवणींचं प्रकरण कितीही रडवत असलं तरी एका अनाथ पोराला सहा वर्षं वर्गात छळणारा मास्तर हिरो होत नाही, आणि हॅरीच्या वर्गातल्या बिचाऱ्या नेव्हिलला त्यानं काय काय केलं ते तर विसरूच नका. ती ऐकायला तयार नाही. तुमच्यातही तिच्या बाजूचे असतील. खुशाल भांडा माझ्याशी, फक्त सातही भाग वाचून या.